सहा, आठ, दहा: मुलांच्या तोंडात कधी आणि काय बघायचं

सहाव्या वर्षाच्या आसपास मुलाच्या तोंडात चार नव्या दाढा येतात, आणि बहुतेक घरांत कुणाला त्यांची चाहूलही लागत नाही. त्या येताना दुधाचा एकही दात पडत नाही. दुधाच्या शेवटच्या दाढेमागे जी रिकामी हिरडी असते, तिथून त्या निमूट वर येतात. म्हणूनच वर्षा-दोन वर्षांनी त्यातली एखादी किडलेली दिसली, तरी घरात "दुधाचीच आहे, पडेल आणि नवी येईल" असं म्हटलं जातं. ती पडणार नसते. ती आयुष्यभराची दाढ असते आणि चावण्याचा मोठा भार तिच्यावरच येतो.

दातांच्या वाढीतल्या बहुतेक अडचणी अशाच न दुखता वाढतात. दुखत नाही म्हणून मूल तक्रार करत नाही, मूल तक्रार करत नाही म्हणून दवाखान्यात जाणं होत नाही. आणि यातल्या कितीतरी अडचणींवरचा सोपा उपाय ठरावीक वयापर्यंतच चालतो. दहाव्या वर्षी दुधाचा एक सुळा काढून जे साधतं, त्यासाठी पंधराव्या वर्षी हिरडीची शस्त्रक्रिया आणि दीड-दोन वर्षांच्या तारा लागू शकतात. म्हणून रोगांच्या नावांपेक्षा वयाला धरून चाललेलं बरं.

दात घडतो कसा

दाताची कळी जबड्याच्या आत तयार होते, तीही फार आधी. दुधाच्या दातांच्या कळ्या गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास धरू लागतात. सहा वर्षांनी येणाऱ्या पक्क्या दाढेवर क्षारांचा पहिला थर बाळाच्या जन्माच्या वेळीच चढू लागतो आणि तिचा वरचा भाग अडीच ते तीन वर्षांपर्यंत पुरा होतो. वरच्या जबड्यातल्या मधल्या दोन पटाशीच्या दातांचं काम तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू होऊन चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत चालतं. त्यांच्या शेजारचे दोन दात मात्र दहाव्या-बाराव्या महिन्यात सुरू होतात.

एनॅमल, म्हणजे दातावरचं पांढरं कठीण आवरण, ज्या पेशी तयार करतात त्या काम झालं की संपतात. हाड मोडलं तर जुळतं, कातडी फाटली तर भरते. एनॅमल पुन्हा तयार होत नाही. ते घडत असताना काही बिघडलं तर तो दोष दातात गोठून राहतो आणि दात बाहेर आल्यावर, पाच-सहा वर्षांनी, नजरेस पडतो. जाणकार दंतवैद्य डागाची जागा बघून बिघाड कधी झाला ते साधारण सांगू शकतो. दाढा आणि मधले दात डागाळलेले आहेत, पण वरचे त्यांच्या शेजारचे दात स्वच्छ आहेत, तर जे काही झालं ते बहुधा वर्षाच्या आत झालं.

पहिला दात: काळजी कुठे करावी, कुठे नाही

बहुतेक बाळांचा पहिला दात सहाव्या महिन्याच्या आसपास येतो आणि अडीच-तीन वर्षांत दुधाचे वीस दात पुरे होतात. दहाव्या महिन्यापर्यंत बोळकंच असलं तरी घाबरायचं कारण नाही. वर्ष-सव्वा वर्षात एकही दात नसेल तर मात्र दाखवावं. तेव्हा बालरोगतज्ज्ञ फक्त दात बघत नाहीत. उंची, टाळू भरली की नाही, मनगटं जाड झाली आहेत का, हेही पाहतात, कारण थायरॉइडची कमतरता आणि मुडदूस या दोन्हींत दात उशिरा येतात आणि दोन्हींवर उपचार आहेत.

वरचे दात आधी आले तर मामाला जड, असं आपल्याकडे सर्रास मानतात. दातांचा क्रम थोडा इकडेतिकडे होणं ही साधी गोष्ट आहे. मामाचा आणि बाळाचा, दोघांचाही त्यात काही दोष नाही. जन्मतःच दात असलेलं बाळही अशुभ नसतं. असे दात साधारण दोन ते तीन हजार बाळांत एकाला असतात, खालच्या जबड्यात पुढे असतात, आणि दहापैकी नऊ वेळा ते जादा दात नसून दुधाचेच, लवकर आलेले दात असतात. घट्ट असतील तर ठेवायचे. जिभेखाली घासून जखम होत असेल तर दाताची कड गुळगुळीत करून घ्यायची. अगदी सैल असून निसटायची भीती असेल तरच काढायचे. दहा दिवसांच्या आतल्या बाळाचा दात काढण्याआधी जन्मल्यावर के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं होतं का, हे बघावंच लागतं. नाहीतर रक्त थांबायला त्रास होऊ शकतो.

दात येताना लाळ गळते, हिरडी सुजते, बाळ चिडचिड करतं. 38 अंश सेल्सिअसच्या वर ताप, जुलाब, उलट्या हे दातामुळे होत नाही. "दात येतायत" म्हणून जुलाबाकडे दुर्लक्ष झालं की बाळाच्या अंगातलं पाणी कमी होतं, आणि हा गैरसमज सगळ्यांत महागात पडतो. हिरडीवर चोळायच्या बधिरतेच्या जेलमध्ये बेन्झोकेन असेल तर ती वापरू नये. रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद त्याने घटू शकते, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांसाठी तसा स्पष्ट इशारा दिला आहे. थंड केलेला स्वच्छ ओला रुमाल चघळायला देणं पुरतं.

दातामागे दात

सहा-सात वर्षांच्या मुलाच्या खालच्या दुधाच्या दातामागे दुसरा दात दिसला की घरात धावपळ उडते. ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. पक्का दात दुधाच्या दाताचं मूळ विरघळवत वर येतो. तो जरा मागून आला तर मूळ पुरतं विरघळत नाही आणि दुधाचा दात जागा सोडत नाही. दुधाचा दात हलत असेल तर मुलालाच रोज जिभेने-बोटाने हलवू द्या. तो पडला की जीभ मागच्या दाताला हळूहळू पुढे ढकलते. दुधाचा दात अजिबात हलत नाही आणि मागचा निम्मा वर आलाय, अशा वेळी तो काढून घ्यावा. जागा बधिर करून पाच मिनिटांचं काम असतं.

वरच्या जबड्यात मात्र वाट बघत बसू नये. वरचा पक्का दात मागून आला, तर तोंड मिटताना तो खालच्या दातांच्या आत अडकतो आणि मग स्वतःहून पुढे येऊ शकत नाही. खालच्या समोरच्या दाताची हिरडी खाली सरकायला लागते, दोघांच्या कडा झिजतात. जागा असेल तर काढ-घाल करता येणाऱ्या, मागे स्प्रिंग असलेल्या प्लेटने असा एखादा दात काही आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत पुढे आणता येतो. तोच दात बाराव्या वर्षापर्यंत राहिला तर पूर्ण तारा लागतात.

एक आला, जोडीदार आला नाही

आठव्या वर्षी करायची तपासणी एका वाक्यात सांगता येते: डावा आणि उजवा जुळवून बघा. एका बाजूचा पटाशीचा दात आला आणि सहा महिने उलटले तरी दुसऱ्या बाजूचा नाही, किंवा मधला यायच्या आधीच शेजारचा आला, तर एक्स-रे हवाच. "येईल हळूहळू" असं म्हणून वर्ष घालवणं, ही मोठी चूक या ठिकाणी होते.

याचं नेहमीचं कारण म्हणजे वरच्या दोन मधल्या दातांच्या वर दडलेला एक जादा दात, बहुधा छोटा आणि शंकूसारखा. मुलग्यांत तो मुलींच्या साधारण दुप्पट आढळतो. कधी तो उलटा, टोक नाकाकडे करून बसलेला असतो. तो हाडात पुढे आहे की मागे, हे एका एक्स-रेवर कळत नाही. म्हणून वेगवेगळ्या कोनांतून दोन काढतात किंवा गरज पडली तर थ्रीडी स्कॅन करतात. कुणाच्या वाटेत नसेल तर काही जादा दात नुसते दरवर्षी बघत राहिले तरी चालतात. वाट अडवत असेल तर काढायचा. काढल्यावर पक्क्या दाताचं मूळ अजून अर्धवट असेल आणि जागा मोकळी असेल, तर तो बरेचदा सहा महिने ते दीड वर्षात आपला आपण खाली येतो. मूळ पुरं झालं असेल तर त्याच्यात स्वतःचा जोर फारसा उरलेला नसतो. मग हिरडी उघडून दातावर छोटी कडी चिकटवतात आणि बारीक साखळीने हळूहळू ओढून आणतात. म्हणून घाई आठव्या वर्षी करायची असते.

दुसरं कारण जुनी पडझड. दोन-तीन वर्षांचा असताना मूल तोंडावर आपटलं, दुधाचा दात आत गेला, रक्त थांबलं आणि सगळे विसरले. त्या दाताचं मूळ वरच्या पक्क्या कळीवर आदळतं; कळी वाकते किंवा डागाळते. दंतवैद्याने विचारलं तर असा प्रसंग आठवून सांगा.

याच वयात वरच्या दोन पटाशीच्या दातांत फट दिसते आणि दात जरा पंख्यासारखे बाहेर पसरलेले वाटतात. ही बहुतेक वेळा अडचण नसते. हाडात वरून उतरणारे सुळे शेजारच्या दातांची मुळं आत दाबतात म्हणून दातांची टोकं बाहेर फाकतात. अकरा-बाराव्या वर्षी सुळे आले की दोन मिलिमीटरपर्यंतची फट सहसा आपोआप मिटते. आठव्या वर्षीच तारा लावून ती बंद केली तर मुळं सुळ्याच्या वाटेत जाऊ शकतात. ओठामागची शिर (वरचा ओठ हिरडीला जोडणारा पडदा) कापायचा निर्णयही सुळे येईपर्यंत थांबू शकतो.

मुळात दातच नसणं

अक्कलदाढ नसणं तर फारच नेहमीचं, त्यात कुणाचं काही बिघडत नाही. अक्कलदाढा सोडल्या तर खालची दुसरी उपदाढ (सुळा आणि दाढ यांच्या मधल्या दोन दातांतला मागचा) आणि वरच्या मधल्या दाताशेजारचा दात हे दोन सगळ्यांत जास्त गैरहजर असतात. बरेचदा हे घराण्यात चालत येतं. आई, मावशी, आजोबा यांच्या तोंडात बघितलं की उत्तर सापडतं. खालच्या दुसऱ्या उपदाढेची कळी काही मुलांत आठव्या-नवव्या वर्षी एक्स-रेवर उमटते. त्यामुळे सातव्या वर्षीच्या एका ओपीजीवरून (दोन्ही जबड्यांच्या एकत्र एक्स-रेवरून) "ही दाढ नाहीच" असा निकाल लावू नये.

उपदाढ नसेल आणि तिच्या जागची दुधाची दाढ ठणठणीत असेल, तर ती मुळीच काढू नका. खाली पक्का दात नसल्याने तिची मुळं विरघळायची फारशी घाई नसते, आणि अशी दाढ तिशी-चाळिशीपर्यंत सुखाने चालू शकते. फक्त ती हाडाला चिकटून शेजाऱ्यांच्या मानाने खाली बुडत नाही ना, हे दरवर्षी बघायचं.

पुढचा दात नसेल तर दोन रस्ते असतात. तारांनी सुळा पुढे आणून त्याला पटाशीच्या दाताचा आकार द्यायचा, किंवा जागा राखून पुढे दात बसवायचा. कुठला घ्यायचा हे जबड्यांचं नातं, सुळ्याचा रंग-आकार आणि हसताना किती हिरडी दिसते यावर ठरतं. वाढत्या वयात इम्प्लांट मात्र घालू देऊ नका. तो हाडात खिळल्यासारखा बसतो. मूल वाढतं तसे बाकीचे दात हाडासोबत खाली येतात आणि तो तिथेच राहतो. तीन-चार वर्षांत तो दात शेजाऱ्यांपेक्षा आखूड दिसू लागतो. वाढ थांबेपर्यंत, म्हणजे मुलींत साधारण अठरा आणि मुलग्यांत विशीच्या पुढे, शेजारच्या दाताला मागून चिकटवलेला पंखाचा ब्रिज किंवा छोटी प्लेट चालते.

सहा किंवा जास्त दात नसतील आणि सोबत केस विरळ, घाम जवळजवळ येत नाही, असं असेल, तर प्रश्न दातांपुरता राहत नाही. चार्ल्स डार्विनने 1875 साली सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची नोंद छापली होती: चार पिढ्यांतल्या दहा पुरुषांना मोजकेच दात, अंगावर केस कमी, आणि उन्हाळ्यात कातडी कोरडी पडून त्रास. मुलींना त्रास होत नव्हता, पण त्यांच्या मुलग्यांत तो उतरत होता. आज आपण याला एक्टोडर्मल डिस्प्लेसिया म्हणतो. अशा मुलाला घाम नसल्याने विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात ताप झपाट्याने चढतो. ओला सदरा, पाण्याची फवारणी आणि शाळेत सावलीतली जागा या गोष्टी उपचाराचाच भाग आहेत. तीन-चार वर्षांच्या मुलालाही छोटी कवळी बसवता येते. वाढीबरोबर ती बदलत राहावी लागते, पण जेवण, बोलणं आणि चेहऱ्याची ठेवण तिच्यामुळे सुधारते.

खडूसारखी दाढ

आता त्या सहा वर्षांच्या दाढेकडे परत येऊ, कारण सगळ्यांत जास्त घोटाळे तिच्याबाबत होतात. काही मुलांची ही दाढ हिरडीतून बाहेर येते तीच डागाळलेली: दुधी, पिवळी किंवा तपकिरी, आणि डागाची कड स्पष्ट, नकाशावरच्या बेटासारखी. सोबत पटाशीच्या एखाद्या दातावरही तसा डाग असतो. या विकाराला एमआयएच (मोलर इन्सायझर हायपोमिनरलायझेशन, म्हणजे दाढा आणि पटाशीच्या दातांत क्षार कमी असणं) म्हणतात. हे नाव 2001 साली रुळलं. जगभरातल्या पाहण्या एकत्र केल्या तर साधारण आठ मुलांत एकाला तो आढळतो. आयुष्याच्या पहिल्या तीन वर्षांतली आजारपणं, विशेषतः तापाची, त्याच्याशी जोडली गेली आहेत. अमुक एका गोष्टीमुळेच होतं असं म्हणता येत नाही. आईने गरोदरपणी काही चुकीचं खाल्लं म्हणून झालं, हा ठपका तर मुळीच ठेवू नये.

अशा एनॅमलमध्ये क्षार कमी आणि प्रथिनं जास्त असतात, त्यामुळे ते खडूसारखं भुसभुशीत असतं. दाढ चावायला लागली की त्याचे तुकडे पडतात. थंड पाणी, वारा, ब्रशचे केस, सगळं झिणझिणतं. मूल त्या कोपऱ्यात ब्रश घालत नाही, म्हणून कीड लागते. कीड दिसली की "चॉकलेट खाल्लंस" म्हणून मूल ओरडा खातं. आतली नस सतत चिडलेली असल्याने बधिरतेचं इंजेक्शनही नीट लागत नाही. दवाखान्यात ते मूल रडतं आणि हट्टी ठरतं. त्या मुलाला खरंच दुखत असतं.

उपचार पायरीपायरीने चढतात. दाढ अखंड असेल तर दर तीन महिन्यांनी फ्लोराइडचा व्हार्निश, 5 टक्के सोडियम फ्लोराइडचा. दूधप्रथिनापासून केलेलं कॅल्शियमचं क्रीमही काही जणांना उपयोगी पडतं. दुधाची ॲलर्जी असेल तर ते चालत नाही. दाढ पूर्ण वर यायच्या आधी तिच्या खाचांत ग्लास आयोनोमर सिमेंटचा थर घालतात. ओलावा असतानाही ते बऱ्यापैकी चिकटतं. साधं पांढरं फिलिंग अशा खडूवर टिकत नाही. त्याच्या कडेने एनॅमल फुटत जातं आणि दर सहा महिन्यांनी ते नवं करत बसावं लागतं. दोनदा फिलिंग पडलं असेल तर तिसऱ्यांदा तेच न करता स्टीलची कॅप घ्यावी. ती दिसायला पांढरी नसते, पण मागे असते, एका बैठकीत बसते आणि वाढीची वर्षं पार करून नेते.

दाढ फारच ढासळली असेल तर काढण्याचा विचार करावा लागतो, आणि इथे वयाचा हिशेब नेमका असतो. साडेआठ ते दहा वर्षांच्या दरम्यान, मागच्या दुसऱ्या दाढेची मुळं जिथे दोन फाट्यांत विभागतात तो दुभाग एक्स-रेवर नुकता उमटायला लागलेला असताना ही दाढ काढली, तर मागची दाढ पुढे सरकून तिची जागा बऱ्यापैकी भरून काढते. वर हे सहज जमतं, खालच्या जबड्यात थोडं कमी. अक्कलदाढ आहे का, दात दाटीचे आहेत का, हेही बघावं लागतं. म्हणून हा निर्णय काढणाऱ्याने एकट्याने न घेता ऑर्थोडॉन्टिस्टला (वाकडे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञाला) विचारून घ्यावा. बाराव्या वर्षी काढली तर फट राहते आणि मागची दाढ तिच्यात कलंडते.

पिवळे-तपकिरी पट्टे आणि गावचं पाणी

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, आणि तिथल्या मुलांचे दात ते सांगतात. आडवे पांढरट ढग, कड पुसट, डावीकडे-उजवीकडे सारखेच. जास्त झालं तर तपकिरी रंग आणि खड्डे. एमआयएचशी फरक इथेच आहे: तिथे डाग ठळक आणि बाजू असमान, इथे पुसट आणि जोडीने. शिवाय एका घरातली, एका आळीतली सगळी मुलं तशीच असतात.

पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची भारतीय मानकातली इष्ट मर्यादा लिटरमागे 1 मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोत नसेल तर 1.5. पाणी उकळून उपयोग नाही. पाणी उडतं, फ्लोराइड राहतं, म्हणजे उलट वाढतं. आरओ, सक्रिय अल्युमिनाचे फिल्टर, पावसाचं साठवलेलं पाणी, धरण-तलावाचं पाणी हे मार्ग आहेत. नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेल्या नालगोंडा पद्धतीत पाण्यात चुना, तुरटी आणि ब्लीचिंग पावडर मिसळून ढवळतात, गाळ बसू देतात आणि वरचं नितळ पाणी घेतात; तुरटीचं प्रमाण पाण्याच्या तपासणीवरून ठरवावं लागतं, अंदाजाने नाही. पुढच्या दातांसाठी पहिली तीन वर्षं सगळ्यांत नाजूक, आणि आठव्या वर्षानंतर अक्कलदाढा सोडून दातांवर नवा डाग पडत नाही. म्हणून घरात थोडंच चांगलं पाणी मिळत असेल तर ते आधी लहान बाळाला आणि त्याच्या स्वयंपाकाला.

डाग पडले असतील तर दात साफ करून ते जात नाहीत. ते एनॅमलच्या आत आहेत. लिंबू-सोडा किंवा जत्रेतलं आम्ल लावणं म्हणजे उरलेलं एनॅमल घालवणं. उथळ तपकिरी डागांवर मायक्रोअब्रेजन करतात: सौम्य आम्ल आणि बारीक भुकटीने वरचा, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा थर घासून काढतात. पांढऱ्या ढगांवर रेझिन इन्फिल्ट्रेशन: 15 टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचं जेल दोन मिनिटं, मग धुऊन, अल्कोहोलने कोरडं करून पातळ रेझिन आत मुरू द्यायचं आणि निळ्या प्रकाशाने घट्ट करायचं. दात न कापता रंग एकसारखा होतो. खड्डे असतील तर दातावर कॉम्पोझिटचा, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरणाचा थर. सिरॅमिकचे व्हिनिअर, म्हणजे दातावर चिकटवायचे पातळ पापुद्रे, हिरडीची पातळी स्थिरावेपर्यंत, म्हणजे अठरापर्यंत, थांबवावेत.

एकट्या दाताचे दोष, आणि सगळ्यांचे

एकाच उपदाढेवर डाग किंवा खड्डा असेल तर तिच्या वरची दुधाची दाढ आठवा. तिला पू झाला होता का? तो पू खालच्या कळीपर्यंत पोचतो. दुधाच्या दाताची कीड भरून घ्यायला "कशाला, पडणारच आहे" म्हणणाऱ्यांना हे एक उत्तर पुरावं. दुसरं उत्तर जागेचं आहे. दुधाची दुसरी दाढ पाचव्या-सहाव्या वर्षीच काढावी लागली तर मागची पक्की दाढ काही महिन्यांत पुढे सरकते आणि उपदाढेची जागा खाते. म्हणून मागच्या दाढेवर धातूची पट्टी आणि पुढे तारेचा फासा असलेला जागा राखणारा तुकडा बसवतात. दर सहा महिन्यांनी तो सैल झाला नाही ना बघायचा, आणि उपदाढ डोकावली की काढायचा.

वरच्या मधल्या दाताशेजारच्या दाताचा आकार खुंटीसारखा बारीक असेल तर कॉम्पोझिटने एका बैठकीत तो नीट होतो. पण त्याच दाताच्या मागे खोल भोक दिसलं तर ते लगेच बुजवून घ्या. एनॅमल तिथे आत दुमडलेलं असतं आणि कीड न दिसताच जंतू दातातल्या नसेला जाऊन भिडतात. उपदाढेच्या मधोमध शिंगासारखं टोक असेल तर तेही तसंच. ते चावताना मोडतं आणि दात आतून मरतो. भोवती कॉम्पोझिटचा आधार देऊन ते जपता येतं.

दुधाचे आणि पक्के सगळेच दात पिवळट किंवा करडे-निळसर आणि भराभर झिजणारे असतील, तर तो जन्मजात घडणीचा दोष असतो. मागच्या दातांवर लवकर कॅप घालून चाव्याची उंची वाचवतात. अशा मुलाला किरकोळ पडण्याने हाड मोडल्याचा इतिहास असेल तर तो डॉक्टरांना जरूर सांगा. दोन्हींचं मूळ एकच असू शकतं.

दहावं वर्ष: सुळा

वरचा सुळा सगळ्यांत लांबचा प्रवास करतो आणि वाट चुकण्यात अक्कलदाढेखालोखाल त्याचा नंबर लागतो. शंभरात एक-दोघांचा तो टाळूकडे किंवा ओठाकडे भरकटतो आणि शेजारच्या चांगल्या दाताचं मूळही खाऊ शकतो, एकही कळ न येता.

नवव्या-दहाव्या वर्षी मुलाचा वरचा ओठ उचला, दुधाच्या सुळ्याच्या वर, खूप वर, हिरडीवरून बोट फिरवा. दोन्हीकडे गोल फुगवटा लागला तर सुळे वाटेवर आहेत. अकराव्या वर्षापर्यंत एकाच बाजूला लागला किंवा कुठेच लागला नाही, तर एक्स-रे काढा. ओपीजीची किरणं निसर्गातून काही दिवसांत मिळतात तेवढीच असतात. त्या भीतीने थांबू नये.

सुळा टाळूकडे भरकटलेला दिसला तर दहा ते तेरा वर्षांत दुधाचा सुळा काढणं, हा पहिला उपाय. एरिकसन आणि कुरोल या स्वीडिश अभ्यासकांनी 1988 मध्ये असे 46 सुळे तपासले. दुधाचा सुळा काढल्यावर त्यातले 36 सरळ वाटेवर आले. सुळ्याचं टोक शेजारच्या दाताच्या मुळाची मधली रेषा ओलांडून गेलेलं नसेल तर यशाचं प्रमाण 91 टक्के, ओलांडलं असेल तर 64. म्हणजे काही महिन्यांच्या उशिराचीही किंमत आहे. काढल्यावर सहा आणि बारा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे. वर्षात हललाच नाही, तर हिरडी उघडून साखळी.

यातलं घरचं काम थोडं आहे. टॉर्च घेऊन सहाव्या, आठव्या आणि दहाव्या वाढदिवसाच्या आसपास मोबाईलवर दातांचे तीन फोटो काढा: पुढून, वरचा जबडा, खालचा जबडा. पडलेला दात उंदराच्या बिळात टाकायची हौस असेल तर जरूर टाका, पण लसीकरणाच्या कार्डाच्या मागच्या पानावर तारीख आणि बाजू लिहून ठेवा. जोडीच्या दाताचे सहा महिने त्या तारखेपासून मोजायचे असतात.